मोरवेलीचा डाग

चिमट्याच्या टोकाशी धरलेलं ते पांढरट फूल, नखावर मावेल एवढंसं, गौतमीनं भिंगाखाली सरकवलं आणि तिला पुन्हा तेच वाटलं, की याला पाकळ्या आहेत असं कुणीही शपथेवर सांगेल. चार आहेत, चांगल्या दिसताहेत... पण त्या पाकळ्या नव्हेत, निदलं, कळीला बाहेरून झाकणारी. मोरवेलीला पाकळ्या नसतातच.

फळ्यावर तिनं बटरकपचं कुळ लिहिलं होतं. बटरकप या मुलांनी पुस्तकातच पाहिलेलं, पाच चकचकीत पिवळ्या पाकळ्यांचं. म्हणून दरवर्षी प्रॅक्टिकलला त्याच कुळातली ही पोलादपूरकडच्या कुंपणावरची वेल आणायची.

"मॅडम, फूल तर अजिबात तसं नाही. मग हिला त्या कुळात कशावरून घातली?" जितेशनं विचारलं.

"एका खुणेवरून नाही. पुंकेसर भरपूर, किंजदलं सगळी सुटी, प्रत्येकाचं फळ वेगळं, रस जहाल... हे सगळं मिळून बघायचं. एकाच खुणेवर ओळख पटवलीत तर फसाल."

बोलून गेली आणि मग तिनं चिमटा खाली ठेवला.

एकाच खुणेवर तर मी हो म्हणाले. जुलैत आमच्या वाडीवर दरड आली, आणि खालच्या गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात झाकून ठेवलेल्यांपैकी एकीचा चेहरा... चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. हवालदारानं चादरीखालून हात तेवढा बाहेर काढला. डाव्या मनगटावर बोराएवढा काळपट डाग. मंजुळाचा. माझी धाकटी बहीण मंजुळा लहानपणी गोंदण पाहिजे म्हणून रडत बसायची, तेव्हा मीच मोरवेलीचं पान चुरगळून तिच्या मनगटावर चिंधीनं बांधलं होतं. मोठा फोड आला, ठणकला, बरा झाला, डाग राहिला. व्हरांड्याबाहेर पावसात आई बसून होती, आदल्या दिवसापासून तशीच, पाणीसुद्धा न पिता. "मंजुळाच आहे," मी म्हणाले. आई रडली, मग पाणी प्यायली. संध्याकाळी अग्नी दिला.

पण लहानपणी पान बांधलं त्या दुपारी गोठ्यामागं चिंधीचे तीन तुकडे फाडले होते. एक मंजुळाला, एक माझ्या स्वतःच्या हाताला, आणि एक शेजारच्या तुळसाला — मंजुळाच्याच वयाची, तशीच हाडकुळी. तुळसा अजून सापडलेली नाही. व्हरांड्यात उभी असताना हे आठवलंच नव्हतं, की आठवलं होतं आणि आईकडे बघून... गौतमीनं हा विचार इतक्यांदा केला होता की आता खरं काय ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

"गौतमीबाय."

दारात प्रयागबाई उभी होती, तुळसाची आई. दरडीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहते. बाजारच्या दिवशी एसटीनं महाडला येते, आधी दवाखान्यात विचारते, मग इथं.

"पेपरात काय आलाय का गो?"

"नाही, काकी. बसा ना."

"बसत नाय. गाडी जायल." पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "तुज्या आयेला तरी कळलं. तिचं बरं झालं."

हो, बरं झालं. आई माझ्या खोलीवर असते, जेवते, मंजुळाच्या फोटोला फूल वाहते, झोपते. काकींना सांगितलं, की ती कदाचित तुमची असेल... तर मग मंजुळा त्या मातीखाली, आणि पुढच्या बाजाराला या दारात आई. दोघींपैकी एकीनं येत राहायचं, आणि ती कोण हे मीच ठरवून बसले आहे. भयंकर वाईट वाटलं तिला. दोघींचंही, आणि स्वतःचंही.

निघताना प्रयागबाईनं नेहमीसारखा तिचा हात हातात घेतला. जुलैपासून गौतमी घड्याळाचा पट्टा रुंद वापरत होती; आज प्रॅक्टिकलच्या रंगाचे डाग पडतील म्हणून घड्याळ टेबलावर काढून ठेवलेलं. प्रयागबाईचा खरखरीत अंगठा मनगटावर येऊन थांबला.

"तुजा पन हाय?" ती म्हणाली. "आमच्या तुळसाला हाय ना, अगदी तसाच."

अंगठा डागावरून हळूहळू फिरत राहिला. मागं मुलं फुलं उकलत होती, कुणीतरी मॅडम म्हणून हाक मारली. दर आठवड्याला ही बाई लवकर जावी असं वाटायचं गौतमीला, आणि त्याची लाजही वाटायची. आज तिनं हात तसाच राहू दिला. खाली रस्त्यावरून पोलादपूरची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ती गाडी प्रयागबाईला चुकावी, एवढंच तिला वाटत राहिलं.