राखेवरची पावलं

बेलापूरच्या बंदरावर पुतळाची खानावळ होती. मिठागरावरचे मजूर, होडीवाले, ट्रकवाले, सगळे तिच्या हातच्या कालवणावर जीव टाकायचे. बासष्ट साली ठाण्याहून गुप्ते नावाचे नवे सॅनिटरी इन्स्पेक्टर आले. त्यांनी थेट तांदळाच्या गोणीमागे बॅटरी मारली आणि कागदावर काळ्या लेंड्या गोळा करून पुतळासमोर धरल्या.

“हे काय, बाई?”

‘काळं जिरं’ असं अगदी तिच्या ओठावर आलं होतं.

“आठ दिवस देतो,” गुप्ते म्हणाले. “तोवर उंदीर गेले नाहीत, तर खानावळ बंद.”

पुतळाला ते फार लागलं. दिवसातून तीनदा चूल सारवणारी बाई ती! तिनं सापळा लावला, दोन उंदीर सापडले, पण लेंड्या तेवढ्याच. चुलीजवळ विष ठेवायला मन धजेना. शेजारच्या गोजरानं मांजर दिलं, तर त्यानं ताटलीभर बोंबील खाऊन ताणून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी चुलीतली राख काढताना तिला राखेत इवलीशी पावलं दिसली. संध्याकाळी खानावळ आवरल्यावर तिनं सगळ्या जमिनीवर राख चाळून टाकली. सकाळी पाहते तो काय, शेजारच्या पंढरीच्या धान्याच्या दुकानाकडून पावलांची पायवाटच पडलेली!

“माज्या दुकानात उंदीर?” पंढरी हसला. “वयनी, तुज्या म्हावऱ्याच्या वासानं येतात ते.”

“मंग तुज्याकडं बी राख टाकू.”

दुसऱ्या सकाळी पंढरीच्या दुकानात बोटभर राख कोरी उरली नव्हती. गोण्या हलवल्या तर भिंतीच्या बुडाशी मूठ जाईल एवढं बीळ. पंढरीचं हसू मावळलं.

“वयनी, सायबाला नको सांगू. दुकान बंद करंल तो.”

सांगितलं असतं तर तिच्यावरचा आळ तिथल्या तिथं गेला असता. क्षणभर तिला मोह झालाही. मग ती म्हणाली, “तुजं दुकान बंद झालं तं उंदीर जातील कुठं? माज्याच घरात ना? चल, उचल गोन्या!”

दोन दिवस दोघं खपली. बिळात फुटक्या बाटल्यांच्या काचा ठासून वर चुना लिंपला. मोडक्या होडीच्या फळ्या आणून गोण्या त्यांवर चढवल्या.

आठव्या दिवशी गुप्ते आले. राखेवर एकही पाऊल नव्हतं. राख कशाला, असं त्यांनी विचारल्यावर पुतळानं सारं सांगितलं, फक्त पंढरीचं नाव गाळलं. पण साहेब भिंतीच्या कडेनं चालत थेट पंढरीच्या दुकानात शिरले. गुप्त्यांनी फळ्यांखाली बॅटरी मारली, ताजा चुना बोटानं दाबून पाहिला आणि वही मिटली.

“बाई, उद्या माझ्याबरोबर तुर्भ्याला याल? तिथले दुकानदार उंदीरच नाहीत म्हणून शपथा घेतात.”

पुतळानं पाट मांडला. “येते की. पन आदी जेवा.”

गुप्ते पाटावर बसले आणि तीनदा कालवण मागून घेतलं.