हातमोज्यातली बोटं

घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना नोंदी करता याव्यात म्हणून तिने आपल्या संस्थेसाठी अ‍ॅप बनवलं होतं. तिची आत्या त्याच संस्थेत सव्वीस वर्षं परिचारिका होती. अ‍ॅप कसं वाटतं असं विचारलं की आत्या "बरं आहे" म्हणून विषय बदलायची. भाचीचं मन मोडणं तिच्या जिवावर यायचं.

एका संध्याकाळी आत्याच्या मनगटावर निळ्या शाईतले आकडे दिसले. नाडी, रक्तदाब, सगळं तिथेच. घरी आल्यावर फोनमध्ये भरते, सगळ्याजणी असंच करतात, असं आत्याने ओशाळून कबूल केलं. भाचीने त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती आत्याबरोबर निघाली.

पहिलंच घर तळघरात होतं. तिथे एका निवृत्त घड्याळजींच्या पायाची जखम धुवायची होती. जखम धुऊन झाली आणि नोंद करायची वेळ आली, तर नेटवर्कचा पत्ता नाही. हातमोज्यातल्या बोटांना स्क्रीन दाद देईना. आत्याने एक मोजा काढला, फोन दाराशी नेला, पासवर्ड टाकला. मग स्क्रीनवर स्वागताचं कबुतर पंख पसरू लागलं. त्या कबुतरावर भाचीने दोन आठवडे घालवले होते.

घड्याळजी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. "बाई, ते उडालं की सांगा," ते शांतपणे म्हणाले.

तिला कुठे तोंड लपवू असं झालं. नोंद पुरी व्हायला नऊ मिनिटं लागली, जखम धुवायला सहा.

जिन्यात तिने विचारलं, "काय कमी आहे गं त्यात?"

"कमी कुठलं, जास्तच आहे. मला माणसाच्या तोंडाकडे बघायचं असतं, आणि ते म्हणतं माझ्याकडे बघ." आत्या एकाएकी थांबली. "त्यांचे ओठ सुकलेले होते बघ. थांब, मी जाऊन येते."

ताप एकशे दोन निघाला. जखमेत आत खोलवर, वरून दिसणार नाही असा पू धरला होता. आत्याने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि दुपारपर्यंत घड्याळजी दवाखान्यात दाखल झाले.

भाचीने त्या आठवड्यात अ‍ॅपच्या सतरा पानांपैकी चौदा उडवली, कबुतरासकट. नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये राहील अशी सोय केली. बटणं मोठी केली आणि ती दाबून बघायला स्वतः हातमोजे घालून कामाला बसू लागली. शेजारचे सहकारी तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागले, तेही तिने चालवून घेतलं.

महिन्याभराने साहेबांनी आलेख पुढे सरकवला. अ‍ॅपवर जाणारा वेळ धाडकन खाली आला होता. लोक वापरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"वापरतात, साहेब," ती म्हणाली. "पण आता मिनिटात होतं, म्हणून वेळ कमी दिसतो."

त्यांना ते पटलं नाही. तेव्हा एका सोमवारी तिने त्यांना आत्याबरोबर फेरीला पाठवलं. दुपारी ते घामाघूम होऊन परतले आणि फक्त जिने फार आहेत एवढंच म्हणाले. पुढच्या बैठकीत मात्र त्यांनी वेळेबद्दल चकार शब्द काढला नाही. परिचारिका एका दिवसात किती घरं करतात, तेवढं त्यांनी विचारलं.

घड्याळजी दीड महिन्याने काठी न घेता चालू लागले.