भाता फाटला तरी

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे. कुठल्याशा परदेशी कारखान्यात जन्मलो आणि मुंबईच्या जुन्या बाजारात धूळ खात पडलो होतो. १९७७ साली गोरक्षने मला नाशिकला आणलं. गोरक्ष एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होता. त्याची धाकटी बहीण चांगुणा गायची, केंद्रातलाच मित्र फकिरा ड्रम वाजवायचा. त्या काळी ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेमाचीच गाणी. या तिघांचा हट्ट वेगळा होता. शब्द आपले, चालही आपलीच! त्यांच्या गाण्यांत पाळीचा भोंगा असे, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी राख असे. कॉलनीतल्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात लोकांनी आम्हांला डोक्यावर घेतलं आणि आम्ही गावोगाव निघालो.

चांदवडला मात्र कसोटी लागली. दुपार कलली होती, मैदान गच्च भरलं होतं. पहिलं गाणं संपायच्या आतच ओरडा सुरू झाला.

"ए, पिक्चरचं वाजव!"

"हे काय लावलंय? उतरा खाली!"

आयोजक धावत स्टेजवर आले. "गोरक्षभाऊ, एक फिल्मी घ्या. पब्लिक लय तापलंय, स्टेज मोडतील."

गोरक्षची घामेजलेली बोटं माझ्या पट्ट्यांवरून घसरू लागली. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने माइक घट्ट धरला होता.

"दादा, आपलंच धर," ती म्हणाली.

त्याने सूर धरला. तेवढ्यात एक दगड भिरभिरत आला आणि माझा भाता टर्रकन फाटला. हवा निसटली, सूर विव्हळून बसला. लोक हसले. पुढचा दगड चांगुणाला लागणार, असं मला वाटलं.

फकिराने काठ्या फेकल्या. धावत येऊन त्याने दोन्ही तळव्यांनी भात्याची चीर दाबून धरली. "वाजव गोरक्ष!"

ड्रम थांबलेला, माझा आवाज क्षीण. चांगुणानेही मग हलक्या आवाजात गायला सुरुवात केली. ऐकू यावं म्हणून पुढचे गप्प झाले, त्यांच्यामागे मागचे. गाणं संपलं तशी पुढे बसलेली एक म्हातारी उठली.

"पोरी, परत म्हण. निम्मं गोंगाटात गेलं."

माझ्या भात्याला ठिगळ लागलं आणि त्यानंतर काही वर्षं आम्हांला मागणी राहिली. मग कीबोर्ड आले, कॅसेटी आल्या. फकिराची बदली झाली, चांगुणा लग्न होऊन मालेगावला गेली. गोरक्षने मला कपाटावर ठेवलं. तिथे भात्याला बुरशी लागली.

परवा चांगुणा माहेरी आली. "दादा, अकॉर्डियन काढ."

"राहू दे गं. मेलाय तो."

"वाजव तर खरं."

निम्म्या पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. जिथे माझा सूर निघेना, तिथे ती तो आपल्या गळ्याने भरून काढी. गोरक्षचे डोळे भरून आले, पण त्याने हात थांबवला नाही.

मित्रांनो, दगडाचा मार मी सोसला. त्या कपाटाने मला अधिक मोडलं. तुमच्या घरी एखादं वाद्य पडून असेल, तर आजच खाली काढा. वाजवता येत नसलं तरी चालेल. आमच्यातली हवा नुसती हलली, तरी आम्ही जगतो.