पावलावर झाकलेली टोपली

मी एक जुनी टोपली आहे. मित्रांनो, टोपली म्हटल्यावर तुमच्यातल्या दोघातिघांनी पान उलटायला बोट उचललं, ते मला दिसलं. ठेवा ते बोट खाली. मी भाजीची टोपली नाही, पूजेच्या फुलांची तर नाहीच नाही. मी कोंबड्या डालायची टोपली. संध्याकाळ झाली की कोंबडीला आणि तिच्या पिल्लांना गोळा करायचं, वरून मला उपडं घालायचं आणि माझ्या डोक्यावर एक धोंडा ठेवायचा. सगळा जन्म मी असा पालथा काढला. पण दोन डोळ्यांच्या माणसाला जे दिसत नाही ते मला दिसतं, कारण माझ्या अंगाला जितक्या फटी तितके डोळे.

जव्हारकडच्या डोंगरात ज्या बांबूपासून मी झाले, तो इतका उंच होता की घारी त्याला वळसा घालून जायच्या, आणि पौर्णिमेला चंद्र अडकला की शेंडा वाकवून त्याला वाट करून द्यावी लागायची. खोटं वाटतं? जा, बघून या. आता तो बांबू तिथे सापडायचा नाही, कारण त्याची मी झाले ना! सुगंधा नावाच्या बाईने कोयत्याने त्याच्या कामट्या काढल्या आणि नवऱ्याशी भांडत भांडत मला विणलं. म्हणून माझी वीण घट्ट आणि स्वभाव हा असा.

असा म्हणजे कसा, तेही सांगते. मी जळकी आहे. बोईसरच्या बाजारातून रखमाने मला सालवडला आणलं, त्या दिवसापासून जळतेय. घरात सूप होतं, त्याला सणावाराला हळदकुंकू. तांदळाच्या कणगीला शेणाने सारवून घ्यायचे. आणि मला काय? आतून कोंबडीची शीट, बाहेरून धोंडा. रखमा मात्र शेजारणीला सांगायची, "ह्या टोपलीखालची कोंबडी म्हंजे देवाच्या पदरातली कोंबडी." तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

मग रखमाच्या मुलाने, शैलेशने, जाळीचा पिंजरा आणला. काय त्याची ऐट! हिरवा रंग, कडी, कोयंडा, पाण्याची वेगळी वाटी. सगळ्या कोंबड्या त्याच्यात गेल्या. माझ्याकडे उरली एक लाल कोंबडी, तीही पिल्लं जाळीतून बाहेर पडत होती म्हणून. बाकी कोणी माझ्याकडे वळून बघेना. पिंजऱ्याचं दार वाजलं की माझ्या कामट्या कडकडायच्या. रखमाला वाटायचं, थंडीने वाजतायत.

त्याच थंडीत शेजारच्या दिनानाथचं एक करडू मेलेलं सापडलं. गळ्याला दोन बारीक भोकं, मांसाला तोंड लावलेलं नाही, जमिनीवर रक्ताचा टिपूस नाही. झालं! सालवडभर एकच नाव, रगतचोख्या. म्हणे तो रक्त पितो आणि कातडं तसंच टाकून जातो. ज्यांनी त्याला बघितलं नव्हतं ते सगळे त्याचं वर्णन करायला लागले. सकाळी तो कुत्र्याएवढा होता, दुपारी रेड्याएवढा झाला, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत त्याला पंख फुटले. मित्रांनो, थापा मलाही आवडतात. पण माझ्या थापा ऐकायला कोणी येत नव्हतं आणि या न दिसलेल्या जनावराच्या नावाने टपरीवर उभं राहायला जागा नव्हती. मला त्याचा हेवा वाटायला लागला.

आणि एके दिवशी भल्या पहाटे तो आला. माझ्याकडेच आला!

लाल कोंबडी आतून ओरडली. बाहेर कोणीतरी हुंगत होतं. मग त्याने माझी खालची कड दातात धरली आणि ओढली. मी जमीन सोडली नाही. त्याने पुन्हा चावा घेतला, माझी एक कामटी उसवली, पण मी धरून राहिले. फटींतून मी त्याला पुरतं पाहिलं. अंगावर केस जवळजवळ नाहीत, शेपूट उंदराच्या शेपटीसारखं उघडं, डोळ्यांतून पाणी. आणि तो थरथरत होता. रेड्याएवढा कसला, भिजलेल्या गोणपाटाएवढा. रखमा काठी घेऊन बाहेर येईपर्यंत तो पळालाही होता, तिला काही दिसला नाही.

तेवढ्यात पलीकडून दिनानाथचा टाहो ऐकू आला. दुसरं करडू गेलं होतं. शेळी त्याला जवळ घेईना म्हणून तिचंच दूध काढून, बाटलीने पाजून वाढवलं होतं त्याने.

रखमा तिकडे धावणार, तोच तिला भांडी घासायच्या जागी चिखलात एक पाऊल दिसलं. थाळीएवढं! "अगो बाय माझे!" ती ओरडली. "शैलेश, कोंबड्या तुडवतील रे, काय तरी झाक त्याच्यावर!" शैलेशने लाल कोंबडीला पिंजऱ्यात कोंबलं, पिल्लांना घरात नेलं, मला उचललं आणि त्या पावलावर उपडं घातलं. वर धोंडा.

तासाभरात अंगण भरलं. शैलेशने मोबाइलवर फिरवलेला व्हिडिओ मुरब्यापर्यंत गेला, सफाळ्याची माणसं मोटारसायकलवर आली. कारखान्यातले कामगार पाळी सुटली की डबा हातात घेऊनच यायचे आणि "दिखाओ, दिखाओ" करायचे. एका बाईने माझ्यावर झेंडूची माळ घातली. मित्रांनो, मला वाटलं, आलं माझं नशीब! मी अंग ताठ केलं. आणि मग त्या बाईने हात जोडून काय म्हणावं? "टोपली सरकवा जरा, दर्शन घेऊ द्या."

सरकवा! दर वेळी हेच. मला उचलायचं, बाजूला भिरकावायचं, त्या चिखलाच्या खड्ड्याकडे डोळे फाडून बघायचं, आणि मग पुन्हा मला त्याच्यावर घालायचं. ज्याला ना वीण, ना कड, ना कष्ट, त्या खड्ड्याची मी पहारेकरीण! खरा पुरावा माझ्या अंगावर होता. दातांच्या खुणा माझ्या कडेवर, त्याचे केस माझ्या उसवलेल्या कामटीत. पण कड जमिनीकडे, म्हणून कोणाला दिसेना. त्या पावलाच्या अंगावर बसून मी जळत होते आणि ते खाली थंडगार पसरलेलं.

इथवर नुसती माझी जळजळ होती. पुढे गोष्ट एका जिवावर आली.

रखमाच्या मागच्या खोलीत झुंबर भाड्याने राहायचा. बीडकडचा माणूस, कारखान्यात कामाला. त्याचा एक काळा कुत्रा होता, काळू. दिनानाथने पावलापाशी उकिडवं बसून बोट फिरवलं. "बोटं कुठं वळलीत बघा. झुंबरच्या खोलीकडं. माझा आजा सांगायचा, रगतचोख्या दिवसा कुत्रा होऊन राहतो, आन् अंधार पडला का खऱ्या रूपात येतो. ह्योच तो."

झुंबर गोंधळून हसला. "काका, काय बोलताय? ह्यो काळू मांजरीला वाट दितो. कारखान्याच्या गेटापाशी घावला मला, पोत्याखाली कुडकुडत बसला हुता."

"माझी दोन करडं गेली, आन् तू हसतोस?"

झुंबरचं हसणं थांबलं. "हसत न्हाई, काका. मी रातपाळीला जातो तवा बायको आन् लेकरं ह्याच्याच जिवावर दार लावून झोपत्यात. वळखीचं कोण हाय आम्हाला हितं?"

"ते मला नको सांगू. रविवारी त्याला पोत्यात घालायचा आन् खाडीत सोडायचा. नायतर खोली खाली कर."

दिनानाथच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून त्याला कोणी अडवेना. रखमाने एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला. मग पदर खोचला आणि म्हणाली, "रविवारच्या आधी जंगलखात्याचा माणूस येऊन बघेल. तवर कुत्र्याला कोण हात लावेल त्याची तंगडी मोडीन."

माणूस आला नाही. रविवारी सकाळी बाई आली. अर्चना, वनरक्षक, खाकी कपडे, खांद्याला पिशवी. दिनानाथ पोतं घेऊनच उभा होता. झुंबरने काळूच्या गळ्यातली दोरी हाताला गुंडाळली होती, आणि काळू सगळ्यांकडे बघून शेपटी हलवत होता, मूर्ख!

अर्चनाने मला उचलून बाजूला ठेवलं. तिनेही! पावलाशी वाकली, टेप लावली आणि उठली. "हे एक पाऊल नाहीच. पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय पडलाय, आणि भांड्यांच्या पाण्याने कड पसरलीय. म्हणून एवढं मोठं दिसतंय."

अंगणाचा हिरमोड झाला. मला मात्र, काय सांगू, गुदगुल्या झाल्या. खड्डा तो खड्डाच!

पण दिनानाथने विचारलं, "म्हंजे ह्या कुत्र्याचं नाय असं सांगता काय?"

अर्चनाने पुन्हा एकदा ठशाकडे पाहिलं. "नाही. याच्यावरून तसंही नाही सांगता येणार."

"मग झालं तर." त्याने पोत्याचं तोंड उघडलं. झुंबर काळूच्या पुढे उभा राहिला.

अर्चना वळली आणि टेप घेऊन घाईने माझ्या बाजूला आली. मित्रांनो, सगळे म्हणतात, तिची बाही माझ्यात नुसती अडकली. टोपलीला हात कुठून येणार? पण मला ठाऊक आहे. इतके दिवस मला सरकवलं, भिरकावलं, एकाने तरी बघितलं का माझ्याकडे? ती वाकून टेप गुंडाळायला लागली, तशी मी माझी ती उसवलेली कामटी पुढे केली आणि तिची बाही धरली. घट्ट धरली. तिने झटका दिला, मी सोडेना. शेवटी ती खाली बसली आणि तिने मला उलटं केलं.

"आजी," ती म्हणाली, "इकडे या. ही टोपली कोणी कुरतडली?"

सगळं अंगण माझ्यावर वाकलं. माझ्यावर! पावलावर नाही. कोणाचा तरी पाय त्या पावलात पडला, आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

"हे केस बघा," अर्चना म्हणाली. "पिवळट भुरे. मुळाशी खपली आलीय. काळूच्या अंगावर असा एक तरी केस दाखवा." मग तिने काळूचं तोंड माझ्या कडेवरच्या खुणांपाशी धरलं. त्याचे सुळे त्या खुणांपेक्षा कितीतरी लांब लांब पडत होते. मापं चालू असताना त्या गाढवाने मला चाटून घेतलं.

"मग कोण?" दिनानाथने विचारलं. पोतं अजून हातात होतं, पण पोत्याचं तोंड आता मिटलेलं.

"कोल्हा वाटतोय मला. खरूज झालेला. त्याने नुसता गळा दाबला, रक्त आतच साकळलं, आणि खायला लागणार तेवढ्यात कसली तरी चाहूल लागून पळाला. मी सापळा लावते, तोवर कुत्र्याला सोडा. आणि ही टोपली मला पुरावा म्हणून न्यावी लागेल."

तेव्हा रखमाने जे केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिने मला पोटाशी धरलं. "टोपली नाय मिळायची. पायजे तर तो पिंजरा ने, कडीकोयंड्यासकट ने. ही माझी रोजची हाय."

पिंजरा ऐकत होता! मित्रांनो, अशी घटका आयुष्यात एकदाच येते. शेवटी अर्चनाने नुसता माझ्या कडेचा चावलेला तुकडा कापून घेतला. दुखलं नाही. आनंदात दुखत नाही.

नाल्याकाठच्या झाडीत सापळा लागला, आत सुके बोंबील. काही दिवसांनी रगतचोख्या सापडला. बघायला आलेली माणसं सापळ्यापाशी वाकली. सुरकुतलेलं राखाडी कातडं, हाडं मोजता येतील असं पोट, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला.

"ह्याला भ्यालो आपण?" दिनानाथ हळूच म्हणाला.

"आजारी आहे," अर्चना म्हणाली. "खेकडा पळतो, उंदीर पळतो. बांधलेलं करडू पळत नाही." जंगलखात्याचे लोक त्याला औषधपाण्यासाठी घेऊन गेले. तो बरा होईल म्हणाले.

त्या संध्याकाळी दिनानाथ झुंबरच्या दाराशी आला. त्याच्या शेळीच्या कासेत करडांच्या वाटणीचं दूध अजून येत होतं. त्याने ते वाडग्यात आणलं होतं. झुंबर दारात उभा होता, पण दिनानाथने त्याच्याकडे बघितलं नाही. वाडगा काळूपुढे ठेवला, तो पिऊन होईस्तोवर तिथेच उकिडवा बसला, आणि मग म्हणाला, "उद्या पन आनीन." झुंबर आत गेला आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आला.

असं सगळं गोड झालं. पण मला विचाराल तर अन्याय झाला. दूध काळूला. औषध कोल्ह्याला. आणि माझ्या कडेचा तुकडा? तो पालघरच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे म्हणे, स्वच्छ पिशवीत, गळ्यात चिठ्ठी. येणारा-जाणारा बघतो. माझीच ती कड, आणि मीच तिच्यावर जळतेय!

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी टोपली, एखादं जुनं माणूस कोपऱ्यात पडलं असेल. त्याला सरकवून पलीकडे बघू नका, आधी नीट उलटसुलट करून बघा. उसवलं असेल तर शिवा, झिजलं असेल तर सांधा. शेळ्याकोंबड्या अंधार पडायच्या आत आत घ्या. आणि कोणासाठी पोतं उघडण्याआधी अंगणातल्या प्रत्येकाला विचारा, पालथ्या पडलेल्यालासुद्धा.

आणि पालघरला गेलात तर त्या कपाटातल्या तुकड्याला माझा निरोप द्या. म्हणावं, फार ऐट करू नकोस. चावा तुझ्यावर पडला असेल, पण जमीन धरून मी बसले होते.