अर्धा जिना

जुन्या वस्तीतल्या इमारती पाडायला काढल्या, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की पाडण्याआधी तिथल्या लोकांकडचे जुने फोटो गोळा करावेत. ते वाचनालयाच्या मोठ्या खोलीत मांडले होते. नातीने कुठेतरी वाचलं आणि घरी येऊन सांगितलं, "आजी, तू तिथेच वाढलीस ना? चल, तुझं घर दिसेल."

मुलाने लगेच नाक मुरडलं. "आईच्या गुडघ्यांना झेपणार आहे का? आणि बघण्यासारखं होतं काय तिथे? पडकी इमारत आणि एक नळ."

"नळ दोन होते," आजी चष्मा पुसत म्हणाली. "एक नेहमी गळायचा. तुझ्या आजोबांना त्याची लाज वाटायची, म्हणून त्यांनी तुला एकच सांगितला असेल."

मुलाला हा विषयच नको असायचा. त्याचे आजोबा, म्हणजे आजीचे वडील, गाव सोडून या परमुलखात आले आणि जन्मभर एका कारखान्यात टेबलखुर्च्यांना पॉलिश करत राहिले. त्यांच्या बोटांचा स्पिरिटचा वास जेवतानाही जात नसे. मुलाच्या तोंडी मात्र त्याचं 'आजोबांचा फर्निचरचा व्यवसाय' झालं होतं. एकदा पाहुण्यांसमोर आजीने विचारलं होतं, "कुठल्या रे आजोबांचा?" तेव्हापासून पाहुणे आले की तो आजीला टीव्हीसमोर बसवायचा.

तरी प्रदर्शनाला तो आला. गाडी त्याचीच होती.

आजी काठी टेकत एकेक फोटो बघत चालली. हे कोपऱ्यावरचं दुकान, हा भिंतीला पोक आलेला बोळ, ही आपल्या इमारतीची दारं. "हा बघ आमचा नळ. गळका." नात हसत होती. मुलगा फोन बघत होता. आणि मग एका फोटोपाशी आजी थांबली ती थांबलीच.

दगडी जिना. जिन्यावर एक बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात ब्रश, शेजारी बादली. फोटो काढणाऱ्याकडे अशी बघत होती, जणू आत्ता विचारेल, तुला दुसरं काम नाही का?

"आजी, ही किती तुझ्यासारखी दिसते!"

"मी तिच्यासारखी दिसते. माझी आई आहे ती."

आईचा एकही फोटो घरात नव्हता. फोटो काढायला उभं राहायचं म्हणजे अर्धा दिवस फुकट, असं तिचं म्हणणं. अख्ख्या जगात तिचा हा एकच फोटो होता, आणि तो असा परक्याच्या भिंतीवर भेटत होता. आजीचा हात काचेकडे गेला. तेवढ्यात तिने खालची पट्टी वाचली. 'इमारतीची सफाई कामगार.'

"खोटं आहे," आजी म्हणाली. आवाज एवढा चढला की खोलीतली माणसं वळून बघू लागली.

"आई, हळू," मुलगा म्हणाला. "नाव तर नाही ना लिहिलेलं? कोण ओळखणार आहे?"

"मी ओळखलं ना."

त्या जिन्याची गोष्ट आजीने कधी कुणाला नीट सांगितलीच नव्हती. आता मात्र ती नातीला तिथेच, उभ्या उभ्या, सांगू लागली.

आई नाकावर माशी बसू न देणारी. सकाळी उठून दारापुढची जागा झाडून, पुसून झाल्याशिवाय ती चूल पेटवत नसे. गावी दारापुढे अंगण होतं, इथे तिसऱ्या मजल्यावर दारापुढे जिना आला. तिने पहिल्याच आठवड्यात आपल्या दारापुढची फरशी घासली. मग वाटलं, वरची पायरी स्वच्छ आणि खालची काळी, कसं दिसतं ते? ती एक पायरी उतरली. मग अजून एक. असं करत करत ती तळमजल्यापर्यंत पोचली आणि रोज सकाळी पूर्ण जिना धुऊ लागली.

वडील म्हणायचे, "अगं, हा आपला जिना आहे का?"

"मग मी काय उडत जाते खाली? ज्यावर पाय ठेवायचा ते घाण कशाला ठेवायचं?"

थोड्या दिवसांनी एक गंमत झाली. शेजारणी आपापली पायपुसणी दाराबाहेर ठेवू लागल्या. आई हरखली. इथे आल्यापासून कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. "बघा, माणसं ओळख दाखवायला लागली," ती वडिलांना म्हणाली. "हक्काने ठेवतात हो. आपल्यावर विश्वास बसला." आणि तिने सगळी पायपुसणी धोपटून, झटकून, जागच्या जागी घातली. एकीचं पायपुसणं फाटलं होतं, ते तर तिने घरी आणून शिवलं.

मग आईला ताप आला. दोन दिवस जिना तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरची बाई वर आली. खालच्या मोठ्या दाराच्या चाव्या तिच्याकडे असत, म्हणून आजीच्या घरी सगळे तिला चावीवाली म्हणायचे. तिने दार असं बडवलं की भांडी हलली. आजी तेव्हा शाळेत जायला लागली होती, घरात इथली भाषा तिला एकटीलाच यायची. आई अंथरुणातूनच म्हणाली, "काय म्हणते गं ती? तब्येत विचारायला आली असेल. आत बोलाव."

"जिना का धुतला नाही, विचारतेय."

"म्हणजे?"

"ती म्हणते, ते तुझं काम आहे. पायपुसणीपण तशीच पडलीत म्हणते."

आईने तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. वडील एकदा म्हणाले, "जाऊ दे. आपण परक्याच्या दारात आलोय. वाकून राहावं."

"भाडं देतो ना आपण?" पांघरुणातून आवाज आला. "मग दार परक्याचं कसं?"

ताप उतरला त्या सकाळी आईने आजीच्या दप्तरातून खडू काढला. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत प्रत्येक पायरीच्या बरोबर मध्यावर एक रेघ मारली. भिंतीकडचा अर्धा भाग तिने घासून आरशासारखा केला. कठड्याकडच्या अर्ध्या भागाला तिने पाण्याचा थेंब लागू दिला नाही. आणि पोरांना बजावलं, "आपण भिंतीच्या बाजूने चालायचं. तिकडे पाय पडला तर तंगडं मोडीन."

त्या दिवसापासून ते घर सोडेपर्यंत, काही वर्षं, आईने अर्धाच जिना धुतला. खडूची रेघ पुसली गेली, पण नंतर मळानेच रेघ आखली. इकडे पांढरं, तिकडे काळं. आजी आणि तिचा धाकटा भाऊ भिंतीला घासून असे वरखाली करत, की दोघांच्या एका बाहीला कायम चुना असायचा. वडीलसुद्धा, कामावरून दमून आले तरी, मुकाट्याने भिंतीकडूनच चढायचे. समोरून शेजारी आले तर आई तसूभर बाजूला व्हायची नाही. मान वर करून आपल्या पांढऱ्या पट्ट्यावरून जायची.

"अख्खी इमारत शरमेने खाली बघायची," आजी नातीला म्हणाली. "माझ्या आईने एक शब्द न बोलता सगळ्यांना बोल लावला होता. आणि हे म्हणतात सफाई कामगार! अगं, फोटो नीट बघ. ही बाजू बघ आणि ती बाजू बघ."

नात पुढे वाकली. खरंच होतं. पायऱ्यांच्या मधून एक सरळ रेघ वरपर्यंत गेली होती.

आजीने प्रदर्शनाच्या बाईला बोलावून घेतलं. ती तरुण होती, गोड बोलणारी होती. "आजी, ज्यांनी फोटो दिला त्यांनी सांगितली ती माहिती आम्ही लिहिली. आम्हाला आमच्या मनाने बदलता येत नाही."

"मग ज्यांनी दिला त्यांना बोलवा."

"आई, बास कर," मुलगा दातावर दात ठेवून म्हणाला. मग बाईंकडे वळून म्हणाला, "त्यापेक्षा फोटो काढूनच टाका ना. आमची काही हरकत नाही."

बाईला तर तेच हवं होतं. तिने खिळ्याकडे हात नेला. आजीची काठी मध्ये आडवी आली.

"हात लावायचा नाही. फोटो इथेच राहील आणि खालचं खोटं जाईल. तोवर मी इथून हलणार नाही. मला खुर्ची आणून द्या."

नातीने खुर्ची आणली. मुलाने कपाळाला हात लावला. आजी फोटोखाली ठाण मांडून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "ही माझी आई. ही सफाई कामगार नव्हती. सफाईचं काम वाईट म्हणून सांगत नाही हो, मी स्वतः लग्नाआधी दवाखान्याच्या फरशा पुसल्या आहेत. पगार घेऊन पुसल्या. माझ्या आईने जिना धुतला तो आपल्या मर्जीने, आणि अर्धा सोडला तोही आपल्या मर्जीने."

शेवटी बाईने कुणालातरी फोन केला, आणि तासाभराने एक म्हातारी आली. तीही काठीवाली. राहायला अजून जुन्याच वस्तीजवळ होती. आजीने तिच्याकडे बघितलं आणि हनुवटीवरून ओळखलं. चावीवालीची मुलगी.

"तू जिन्याखाली भोवरा फिरवायचीस," आजी म्हणाली.

म्हातारीने डोळे बारीक केले. "आणि तू भिंतीला चिकटून चालायचीस. पालीसारखी. आम्ही तुला पालच म्हणायचो."

"तुझी आई आमच्यात चावीवाली होती. फिटंफाट. आता सांग, हे तू लिहायला सांगितलंस?"

"हो. का? माझ्या मामाने काढलाय फोटो. जिना धुणारी बाई आहे ही. तुम्हाला त्या कामाबद्दल खोली मिळाली होती ना?"

"कुणी सांगितलं?"

"आईने."

"तुझ्या आईइतकंच भाडं भरत होतो आम्ही! कामाची बाई असती, तर तिने अर्धाच जिना कशाला धुतला असता? सांग. एवढी वर्षं रोज त्यावरून गेलीस, कधी प्रश्न नाही पडला?"

म्हातारीने फोटोकडे बघितलं. मग आजीकडे. मग ओशाळून, पण खरं तेच, म्हणाली, "आम्हाला वाटायचं, कामचुकार आहे."



नातीने आजीच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. कामचुकार. म्हणजे कुणीच शरमेने खाली बघत नव्हतं. ती पांढरीकाळी रेघ, भिंतीला घासलेल्या त्या बाह्या, वडिलांचं ते दमलेलं भिंतीकडून चढणं, यातलं काहीही कुणाला वाचता आलं नव्हतं. आई एवढी मान वर करून चालली, आणि लोक म्हणाले, बघा, अर्धं काम टाकून मिजाशीत चाललीय. आजीने ती रेघ आयुष्यभर पदकासारखी मिरवली होती. सासरी कुणी चढून बोललं की मनात ती रेघ यायची.

"बघ आई," मुलगा हलकेच म्हणाला. या वेळी आवाजात त्रागा नव्हता. "त्यांना कळलंच नव्हतं. कशाला उकरतेस आता? चल घरी."

"कळलं नव्हतं ना?" आजी खुर्चीतून उठली. गुडघे कडकडले. "मग आता कळू दे. तिने काय त्यांना कळावं म्हणून अर्धा सोडला होता? त्यांना कळो न कळो, तिने तिचं केलं. रोज केलं. मला कळलं होतं, माझ्या भावाला कळलं होतं. बाई, ती पट्टी काढा. आणि कोरा कागद आणा."

प्रदर्शनाच्या बाईने म्हातारीकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "आणा, आणा. फोटो मीच दिलाय ना?"

कागद आला, जाड पेन आलं. आजीने ते म्हातारीपुढे धरलं. "तू लिही. चूक तू सांगितलीस, तूच सुधार."

"माझा हात कापतो गं."

"माझाही कापतो. लिही. 'ही बाई तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होती. ती कुणाची नोकर नव्हती. हा जिना ती स्वखुशीने धुवायची. लोकांनी ते तिचं काम धरलं, तेव्हापासून तिने फक्त आपल्या वाटचा अर्धा धुतला.'"

म्हातारी लिहीत गेली. अक्षर वेडंवाकडं, पण लागत होतं. शेवटी तिने पेनाचं टोपण हातात घेतलं.

"संपलं नाही. पुढे लिही. 'इमारतीतल्या लोकांना ती कामचुकार वाटली.'"

"ते कशाला?" म्हातारी दचकली. "तुझ्याच आईला कमीपणा."

"तिला कसला कमीपणा? ज्यांना वाटलं त्यांना. लिही म्हणते ना!"

म्हातारीने तेही लिहिलं, आणि जरा थांबून, कुणी न सांगता, त्याच्यापुढे 'मलाही' असा एक शब्द जोडला. आजीने तो वाचला. आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

बाईने कागद फोटोखाली चिकटवला. मुलाने गाडीची किल्ली काढली. "चल ना आई आता. झालं ना तुझ्या मनासारखं?"

"थांब," आजी म्हणाली. "शाई वाळू दे."