बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू

निकेशने मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं, शेजारी मोबाइल ठेवला, आणि मग शर्टाची कड वर करून बेंबीच्या उजवीकडे दोन बोटं टेकवली.

"काका, समजा इथं काडेपेटीएवढी मशीन चिकटवलेली असली, तर?"

विष्णुकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. धाटावच्या त्या कारखान्याच्या गेटवर बसून त्यांनी आजवर लायटर, इअरफोन आणि एकदा तर बटण दाबलं की आरती म्हणणारा गणपतीसुद्धा टोकनावर ठेवून घेतला होता. त्यांना पोटाचं काय नवल?

"बॅटरीवर चालते?"

"व्हय."

"मग काढायची, इथं ठेवायची, टोकन घ्यायचं. सुटताना परत."

"तासाभरापेक्षा जास्त काढून चालत नाय."

"मग माणूस आत जायचा नाय." काकांनी मागच्या फलकाकडे अंगठा केला. 'बॅटरीवर चालणाऱ्या सर्व वस्तू बंद करून येथे जमा कराव्यात.'

नियम चांगला होता. आत रसायनांची वाफ असते, ठिणगी पडायला बॅटरीएवढं निमित्त पुरतं. निकेशनेच मागच्या सुरक्षा सप्ताहात त्यावर घोषवाक्य लिहून स्टीलचा डबा जिंकला होता. त्याच डब्यातून, भाकरीच्या खाली, त्याचं इन्सुलिनचं पेन रोज आत जायचं. पेनला बॅटरी नसते, सुई असते. सुईबद्दल फलकावर काही लिहिलेलं नव्हतं. साखर मोजायचं यंत्र मात्र बॅटरीवरचं, त्यामुळे ते घरी. शिफ्टचे आठ तास निकेशची साखर अंदाजाने चाले.

वयाच्या चौदाव्या वर्षापासून तो सुई टोचून घेत होता. आता चौतिशी आली. पूर्वी साखर उतरली की घाम फुटायचा, हात थरथरायचे, तो खिशातला गूळ तोंडात टाकायचा. गेल्या वर्षापासून शरीराने आगाऊ कळवणंच सोडून दिलं. तो थेट पडायचा. एकदा घरी पडला, दोनदा कारखान्यात, रिअ‍ॅक्टरच्या लोखंडी जिन्याशी. कारखान्यात दोन्ही वेळा शेजारी त्याच्याच शिफ्टमधला रघू होता, म्हणून ही गोष्ट निकेशची राहिली. नाहीतर ती पंचनाम्याची झाली असती.

रविवारी पेणच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला चिकटवायचा इन्सुलिनचा पंप दाखवला. साखर घसरायला लागली की तो आधीच ओरडतो आणि इन्सुलिन आपोआप थांबवतो. एका संस्थेने एकच पंप दिला होता. शुक्रवारी चारपर्यंत हो की नाही सांगायचं, यादीत पुढचं नाव थांबलेलं.

"रघू तिसऱ्या वेळी शेजारी असेलच असं नाही," बाई म्हणाल्या होत्या.

येताना एसटीत वडखळला बायकोने, दिपिकाने, विषय काढला. म्हणाली, "कंपनीला एकदा खरं सांगून टाका ना."

"काय खरं?"

खरं तिलाही माहीत होतं. दरवर्षी कामगारांची वैद्यकीय तपासणी होई, आणि दरवर्षी रघू रांगेत दोनदा उभा राही. एकदा रघू म्हणून, एकदा निकेश म्हणून. तपासणाऱ्याला दंड ओळखीचे नसत, चेहरे तर नाहीतच. रघूचं एकच रक्त दोन नावांनी तंदुरुस्त ठरत आलं होतं. आता खरं सांगितलं तर दोघंही घरी बसणार: एक आजारी म्हणून आणि दुसरा गरजेपेक्षा जास्त निरोगी म्हणून.

आज शुक्रवार होता. दुपारच्या शिफ्टला दहा मिनिटं होती.

"कोणाची मशीन?" विष्णुकाकांनी विचारलं.

"गावातला एक जण हाय. खांबचा."

"तू पण खांबचा."

"खांबात मी एकटाच नाय राहत, काका."

काकांनी घड्याळ आणि मोबाइल एक्केचाळीस नंबरच्या खणात सरकवला. मग उजव्या हाताने खाकी शर्टाचं वरचं बटण काढलं. डाव्या खांद्याच्या खाली कातडीआड सुपारीच्या डबीएवढा उंचवटा होता.

"मी बावीस वर्सं रिअ‍ॅक्टरवर होतो. कुठला व्हॉल्व्ह गळतो, मी आवाजावरून सांगायचो. मग हृदयाला ही मशीन लावली. मी सरळ जाऊन साहेबाला खरं सांगितलं. साहेब बोलला, शाब्बास, प्रामाणिक माणूस. पण बॅटरी आत चालायची नाय. आता ही काढून खणात ठेवता येईना." त्यांनी बटण पुन्हा लावलं. "मग मलाच गेटवर जमा केला."

"टोकन दिलं का?"

"तेवढं राहिलं बघ."

दोघंही हसले. हसून झाल्यावर निकेशने काउंटरच्या आत डोकावून पाहिलं.

"काका, इथं अजून एक मानूस लागेल का?"

"स्टूल एकच हाय रे. माझी मशीन बंद पडेपर्यंत थांबायला सांग तुझ्या खांबवाल्याला."

भोंगा झाला. निकेशने टोकन खिशात टाकलं, डबा काखेत धरला.

"काका, चारला पेणवरून फोन येईल. मोबाइल चालूच ठेवलाय. तुमी उचला."

"काय सांगू?"

पण मागून रांग ढकलत होती. रघूने निकेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत गेले.

चारला पाच कमी असताना खणात मोबाइल लाकडावर थरथरू लागला. विष्णुकाकांनी तो बराच वेळ थरथरू दिला. मग उचलला.

"दवाखान्यातून नमिता बोलतेय. निकेश आहेत का? पंपाचं हो की नाही, तेवढंच सांगा."

काका खिडकीतून आत बघत राहिले. दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी जिन्याशी, दोन पिवळी शिरस्त्राणं दिसत होती. कुठलं कोणाचं ते इथून कळत नव्हतं.

"ताई, तो कामावर हाय."

"म्हणजे?"

"आत गेलाय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "बरं, मग यादीतलं पुढचं नाव घेते," ती म्हणाली.

काकांनी पुन्हा वर पाहिलं. जिन्याशी आता एकच शिरस्त्राण होतं. चहाची वेळ होती. दुसरा चहाला गेला असेल.

मोबाइल जमा करताना बंद असावा, असा नियम होता. त्यांनी तो बंद केला आणि एक्केचाळीसच्या खणात परत ठेवला.