शेळीवरची हरकत

माझी शेळी सरकारी राजपत्रात छापून आली त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला बकलावा वाटला. आमच्या करक गावात जमीद करणाऱ्या बायका ढिगानं आहेत. दही आटवायचं, त्याचे गोळे वळून उन्हात कडक वाळवायचे, त्यात नवल ते काय. पण आपल्या मालावर आपलं स्वतःचं चिन्ह सरकारदरबारी नोंदवून लावायला निघालेली गल्लीत मी एकटीच. चिन्ह म्हणजे आमची मोडक्या शिंगाची शेळी. दिसायला उद्धट, दुधाला मात्र खरी.

दुपारी अम्मानहून लुबना वकिलीणबाईंचा फोन आला. "उम्म रकान, एवढ्यात मिठाई वाटू नका. छापून आलं म्हणजे मिळालं असं नव्हे. आता तीन महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. कोणी घेतली नाही, तर नोंदणी."

"म्हणजे माझ्या शेळीला चौकात उभी करून गावाला विचारायचं, कोणाचं काही म्हणणं आहे का?"

"तसंच समजा."

"मग विचारा खुशाल. बघू कोण बोलतंय."

बोलला अबू सायेल. तोही मुदत संपत आली असताना. बाजारात त्याचं जमीदचं जुनं दुकान, आणि त्याच्या पुड्यांवरही शेळी. पण ती कसली शेळी, नगरपालिकेच्या सभेला निघाल्यासारखी, केस चापूनचोपून बसवलेली. म्हणे, दोन्ही शेळ्यांत गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल. त्यासाठी गिऱ्हाईक आंधळं हवं.

मी चिडले, आणि आतून घाबरलेही. अम्मानच्या मोठ्या दुकानांनी बजावलं होतं, नोंदणी झालेलं चिन्ह असेल तरच माल ठेवू. नवरा गेल्यावर या गोळ्यांवरच मी घर उभं केलंय. वकिलीणबाई म्हणाल्या, उत्तर देऊ, पुरावे देऊ, सुनावणी होईल, वर्षभर तरी जाईल. "हां, त्यांनी आपणहून हरकत मागे घेतली, तर एका अर्जाचं काम आहे."

एवढं कानावर पडलं आणि माझे थोरले चुलते, मिस्लेहकाका, म्हणाले, "मग जाहा नेऊ की."

गावातली वजनदार माणसं जमवायची आणि मागणं घेऊन कोणाच्या तरी दारी जायचं, ही जाहा. यजमान कॉफी देतो. आपण कप समोर ठेवायचा, ओठाला लावायचा नाही. मागणं मान्य झालं तरच प्यायचा. लग्नं अशी जुळलीत, खुनाची वैरं अशी मिटलीत आमच्याकडे, शेळीचं काय घेऊन बसलात. काकांनी अबू सायेलला फोन केला, "गुरुवारी जाहा घेऊन येतोय," आणि ठेवून दिला. कशासाठी ते फोनवर बोलणं त्यांना हलकेपणाचं वाटतं.

गुरुवारी संध्याकाळी गेलो. पुरुष दिवाणखान्यात बसले, माझा मुलगा रकानही त्यांच्यात. मी आत बायकांत. तिथे पाऊल टाकलं आणि मला कसंसंच झालं. अबू सायेलची बायको सोन्यानं मढलेली. त्यांची मुलगी दीमा नव्या हिरव्या झग्यात, मान खाली घालून. टेबलावर अख्ख्या वरातीला पुरेल एवढा पाकात भिजलेला गरम कुनाफा. मी मनात म्हटलं, एक अर्ज मागे घ्यायला एवढा थाट?

मधलं दार उघडंच होतं. मिस्लेहकाकांनी कप समोर ठेवला आणि घसा खाकरला. ते तोंड उघडणार तोच अबू सायेल छातीवर हात ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही बोलायचीसुद्धा गरज नाही. ज्यासाठी आलात ते दिलं. कॉफी प्या."

मागणं न ऐकताच देणं म्हणजे आमच्याकडे मोठेपणाचा कळस. सगळ्यांनी कप रिकामे केले. आत त्याच्या बायकोनं आनंदाची अशी लांबलचक ललकारी सुरू केली की माझे कान बधिर झाले. मग काका मिशा पुसत शांतपणे म्हणाले, "अल्ला तुझं भलं करो. तर रविवारी कचेरीत जाऊन शेळीवरची हरकत मागे घेऊन टाक."

ललकारी मधेच तुटली.

"कसली शेळी?" अबू सायेल म्हणाला.

दीमाचा चेहरा खर्रकन उतरला. मी तिला हळूच विचारलं, "काय गं, काय भानगड आहे?"

"मावशी, रकान आठवड्यातून दोनदा आमच्या दुकानात जमीद घ्यायला येतो."

ज्याच्या गच्चीवर जमीद वाळत पडलंय, तो पोरगा विकत घ्यायला जातो. आणि मी बया राजपत्राची पानं उलटत बसले होते.

बाहेर अबू सायेलचा आवाज चढला. "दोन वर्षं सगळा बाजार बघतोय. यांच्या घरातून कोणी मागणी घालायला येतंय का? मुलीच्या बापानं काय यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचं? म्हणून घेतली हरकत, म्हटलं बाईला जाग तरी येईल. जाहा येतेय म्हटल्यावर वाटलं, आली एकदाची."

शब्द त्यानं दिला होता, कॉफी पिऊन झाली होती. शेळी माझी होती. मी नुसतं गप्प बसायचं होतं. पण दीमा डोळे पुसत होती, मला राहवेना. उठले आणि सरळ पुरुषांत जाऊन उभी राहिले.

"अबू सायेल, तुम्ही मनात जे धरून दिलंत, तेच आम्ही घेतलं. दीमा माझी सून. शेळीचं मागणं नव्हतंच असं समजा."

रकानला ठसका लागला. काका माझ्याकडे बघतच राहिले. खोटं कशाला सांगू, अम्मानची दुकानं गेली, हे मला उभ्या उभ्या कळत होतं.

अबू सायेल मात्र विरघळला. त्यानं स्वतः माझ्यासाठी कॉफी ओतली. "बसा, विहीणबाई. घ्या."

मी बसले. कप समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. कुठून एवढा धीर आला कोण जाणे. जाहाचा कप बाईनं अडवून धरलेला कोणी पाहिला नव्हता.

"ऐकल्याशिवाय आता मी काही देणार नाही," तो सावध झाला. "एकदा फसलोय."

"शेळी."

"नातं वेगळं, धंदा वेगळा."

"बरं," मी म्हटलं, आणि कपाला हात लावला नाही.

कुनाफा गार होत चालला. भुकेली मंडळी आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघत होती, उठत कोणीच नव्हतं. शेवटी दारातून दीमा म्हणाली, "बाबा, उद्या त्या घरात मीच जमीद वळणार. मग तुमची हरकत माझ्यावर का?"

त्यानं लेकीकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "रविवारी अर्ज देतो. प्या आता, लोकांना जेवू द्या."

कॉफी पार थंड झाली होती. मी ती एका घोटात प्यायले आणि त्या सगळ्या मिशाळ पुरुषांसमोर हुंदके देऊन रडले.